छोट्या बाई

मोठ्या बाईंच्या तुरुंगात त्यांच्या तोंडाकडे कुणी बघायचं नाही, असा नियम होता. त्यांच्या बुटांचा आवाज कानावर आला की कैदीण असो की पहारेकरीण, हातातलं काम टाकायचं, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि आवाज पुढे गेला की मगच वळायचं. फार वर्षांपूर्वी एक कैदीण त्यांच्या तोंडावर थुंकली होती, तेव्हापासूनची ही शिस्त. नव्या पहारेकरणीला चाव्या कशा धरायच्या हे शिकवण्याआधी भिंत शिकवली जायची.

बाईंना त्या पाठी फार आवडायच्या. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना पाठीच पाठी आणि मधून आपण. घोट्यापर्यंतचा निळा कोट, कपाळावर ओढून घट्ट बांधलेला करडा रुमाल, काखेत वेताची छडी. हल्लीच्या अधिकाऱ्यांकडे तसले कोट नसतात. त्याचं कापड इतकं जाड असायचं की नुसतं उभं केलं तरी कोट आपल्या पायांवर उभा राहील.

धुलाईखान्यातली एक बाई मात्र त्यांच्या डोळ्यांत सलत होती. नवऱ्याच्या डोक्यात तापलेली इस्त्री घालून ती आत आली होती. नवरा गेला, तिला जन्मठेप झाली. पण ती कधी रडली नाही की गयावया केली नाही. दिवसभर ओल्या चादरी पिळायची, आणि बाई आल्या की भिंतीकडे अशी वळायची, जणू तिलाच त्या भिंतीशी काही बोलायचं होतं. बाईंनी तिचं पांघरूण काढून घेतलं, तिला थंडीत हौदावर उभं केलं, तिच्या भेटी बंद केल्या. ती ढिम्म. न रडणाऱ्या बाईइतका राग मोठ्या बाईंना दुसऱ्या कशाचाच येत नसे.

एकच गोष्ट होती जी तिला रडवेल, आणि बाई तिच्याच वाटेवर डोळे लावून बसल्या होत्या. आईबरोबर आत आलेलं लेकरू दुधाचा पहिला दात पडेपर्यंत आत राहू शकायचं, असा तिथला नियम. दात पडला की पोर बाहेर, हक्काच्या नातेवाइकाच्या ताब्यात. तिची मुलगी त्या वयाला टेकली होती. आणि हक्काची नातेवाईक होती नणंद, मेलेल्या नवऱ्याची सख्खी बहीण. भेटी बंद होण्याआधी ती एकदाच येऊन गेली होती. जाळीला तोंड लावून तिने भावजयीला सांगितलं होतं की पोर माझ्याकडे येऊ दे, तिच्याकडून घरातली भांडी घासून घेईन, तुझ्या नावाने तिला रोज थुंकायला शिकवीन, आणि मोठी झाली की तुझ्या वाट्याला आलं तसल्याच एखाद्या घरात देऊन टाकीन. हे सगळं बाईंनी मागे उभं राहून ऐकलं होतं. त्या दिवशीही ती रडली नाही. फक्त जाळी धरलेली तिची बोटं पांढरी पडली, आणि बाईंना तेवढंही पुष्कळ वाटलं.

मग मुलीचा दात हलायला लागला, आणि त्याच सुमारास आईचं डोकं फिरलं.

एका सकाळी चादरी पिळता पिळता ती ताठ उभी राहिली, पिळलेला टॉवेल छडीसारखा काखेत धरला आणि बाईंच्या आवाजात ओरडली, “ही काय तुमच्या बापाची धर्मशाळा आहे?” आवाज इतका हुबेहूब, की धुलाईखान्यातल्या सगळ्या बाया गर्रकन भिंतीकडे वळल्या. त्यानंतर ती तिच्या स्वतःच्या आवाजात बोलेचना. मीच मोठी बाई, असं सगळ्यांना बजावायची. तिला वेड्यांच्या कोठडीत हलवलं. तिथलं दार जाड फळ्यांचं, खाली ताट सरकवण्यापुरती फट. मुलगी तिच्याजवळच राहिली, कारण लेकराशी ती शहाण्यासारखी वागे. मात्र दिवसातून केव्हाही दारावर धडका सुरू व्हायच्या. “दार उघडा! मी मोठी बाई आहे! एकेकीला घरी बसवीन!”

पहारेकरणींची चंगळ झाली. त्यांनी तिचं नाव ठेवलं छोट्या बाई. कोठडीवर नेमलेली लांबडी नावाची पहारेकरीण तर दाराबाहेर स्टूल टाकून फर्माइशी करायची, आज धाकट्या पहारेकरणीला झापा, आज स्वयंपाकघरावर घ्या. कैदीण आतून झापायची. धाकटीचे केस, तिचं उशिरा येणं, तिचा तो सायकलवाला, सगळं बाहेर काढायची, आणि बाहेर सगळ्याजणी तोंडात पदर कोंबून हसायच्या. आत मुलगी हसायची, तिला वाटायचं आईने नवा खेळ काढलाय. आई बाई व्हायची, मुलगी तिचं बोट धरून कोठडीत चकरा मारायची. मुलगी मधे बोलली किंवा तिला “आई” म्हणाली की ती हरली.

हे बाईंच्या कानावर गेलं. एका दुपारी बूट काढून, नुसत्या मोज्यांवर त्या कोठडीपाशी येऊन उभ्या राहिल्या. आतून त्यांचाच आवाज त्यांच्यावर तुटून पडत होता. आधी अंगाचा तिळपापड झाला. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की ही बाई मोडली. इतकी मोडली की तिचं स्वतःचं काही उरलंच नाही, आत फक्त आपण उरलो. परत जाताना त्या स्वतःशीच हसल्या. लांबडीला बोलावून त्यांनी हुकूम दिला की ती काहीही बरळली तरी उत्तर द्यायचं नाही, आणि जी कुणी ते दार उघडेल तिने आपलं बोचकं बांधून घरी जायचं. ताटाच्या फटीतून हात बाहेर आला तर त्यावर बूट ठेवायचा.

दात पडला. मुलीने तो मोठ्या कौतुकाने फटीतून लांबडीला दाखवला. नणंदेला निरोप गेला.

लेकरू आईपासून काढून घ्यायला बाई स्वतः जायच्या. ते काम त्यांनी कधी दुसरीवर सोपवलं नाही. मागे एकदा एका पहारेकरणीच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, तिची आता कुणाला आठवणही नव्हती. बाई एकट्या आत शिरायच्या, दार बाहेरून लावायला सांगायच्या, आणि आतून छडीने दार वाजवेपर्यंत, कितीही आकांत झाला तरी उघडायचं नाही अशी ताकीद द्यायच्या. मग लेकरू घेऊन त्या फाटकासमोरच्या आपल्या बंगल्यावर जायच्या. तिथे त्याला खसाखसा अंघोळ घालून, केस भादरून, तुरुंगातले कपडे जाळून मगच ते नातेवाइकांच्या हवाली व्हायचं. नातेवाइकांना तोवर फाटकाजवळच्या खोलीत बाकावर तिष्ठत बसावं लागायचं. त्यांचं तिष्ठणंही बाईंना गोड लागायचं.

त्या दुपारी त्या कोठडीत शिरल्या तेव्हा कैदीण कोपऱ्यात पाठमोरी बसली होती. मुलगी तयार, हात मागे बांधून उभी.

“तोंड उघड बघू,” बाई म्हणाल्या आणि दाताची जागा बघायला वाकल्या.

प्यायच्या पाण्यात भिजवून पिळलेली चादर त्यांच्या गळ्याभोवती आली ती तेवढ्या वेळात. चादरी पिळून पिळून त्या मनगटांचं काय झालं होतं, ते बाईंना जमिनीवर पडल्यावर कळलं. “भिंत,” आई हळूच म्हणाली, तशी मुलगी शहाण्यासारखी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तुरुंगात वाढलेली पोरं हाच खेळ खेळतात.

चादरीच्या पट्ट्यांनी हातपाय बांधून झाले. कोट गेला, रुमाल गेला, बूट गेले, चाव्यांचा जुडगा गेला. बाई किंचाळत होत्या, आणि बाहेरून लांबडी हसत म्हणत होती की आज छोट्या बाई अगदी तारेत आहेत. कैदीण पोटाला उरलेली चादर गुंडाळत होती, बाईंएवढी जाड व्हायला. तिने त्यांच्या तोंडात बोळा कोंबला नव्हता, हे बाईंच्या लक्षात आलं आणि त्या एकदम गप्प झाल्या.

“ओरडा की,” ती म्हणाली. किती दिवसांनी तिचा स्वतःचा आवाज फुटला होता. “लेकरू नेताना आई ओरडते. नाही ओरडलात तर त्यांना शंका येईल.”

“वेडी नाहीस तू.”

“नाही, बाई.”

“फाटकाबाहेर तुझं पाऊल पडणार नाही.”

“माझं कुठे पडणार? तुमचं पडणार आहे.”

बाईंना सगळं लख्ख दिसलं. दात हलायला लागला तेव्हाच वेड लागलं होतं. इतके दिवस ती बाहेरच्यांना शिकवत होती की या दारामागून हा आवाज आला तर त्यावर हसायचं असतं. आता गप्प राहिलं तर ती सुटणार, आणि ओरडलं तरी सुटणार. तरी त्या ओरडल्या. गप्प राहायची सवय त्यांना नव्हतीच.

छडीने दार वाजलं. कडी निघाली, आणि लांबडीचे बूट जागच्या जागी भिंतीकडे फिरल्याचा आवाज आला. मग दारापलीकडून बाईंनी स्वतःलाच हुकूम देताना ऐकलं. “ओरडू दे तिला. संध्याकाळपर्यंत दाराला हात लावायचा नाही.”

“हो, बाई.”

बूट लांब लांब गेले, बाजूने लहान पावलं. मुलगी हरली नाही.

पुढचं बाईंना नंतर फाटकावरच्या म्हाताऱ्याकडून कळलं. तोही मान खाली घालून दिंडीदरवाजा उघडायचा. तो म्हणाला, कोट गेला, पोर गेली, एवढंच मी पाहिलं. इथून निघालेलं लेकरू न रडता गेल्याचं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, थोडं नवल वाटलं. पण विचारणार कुणाला? तुम्हाला?

इकडे कोठडीत बाईंनी पट्ट्या सोडवल्या, थंडी वाजायला लागली तेव्हा कोपऱ्यातला कैदिणीचा जाडाभरडा झगा अंगात घातला आणि दाराला धडका दिल्या. लांबडीला तिच्या नावाने हाक मारली. तुझ्या नवऱ्याला इथे चिकटवला कुणी, तुझी खोटी आजारपणं पोटात घातली कुणी, हे ओरडून सांगितलं.

“हे नवीन आहे हं,” लांबडी धाकटीला म्हणाली. “काल हे नव्हतं.”

बाईंनी ताटाच्या फटीतून हात बाहेर काढला. लांबडीने त्यावर बूट ठेवला आणि हुकुमाप्रमाणे पुरेसा वेळ ठेवला. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा विनवणी केली, तीही अगदी खऱ्या मनाने. बाहेर क्षणभर कुणी हसलं नाही. मग धाकटी म्हणाली, “बिचारी. पोर नेली ना.”

संध्याकाळी कोठड्या बंद करायची वेळ झाली आणि बाईंच्या जुडग्यावाचून मोठी कुलपं लागेनात. बंगल्यावर माणूस धाडला. बंगला रिकामा, चूल थंड, नहाणीघर कोरडं. तेव्हा कुठे लांबडी कोठडीकडे धावली. दार उघडून तिने आत पाहिलं, पण समोर कोण बसलंय हे ओळखायला तिला बाईंच्या तोंडची शिवी लागली.

फाटकाजवळच्या खोलीत नणंद दुपारपासून बसलेली. तिचा आवाज बोळापर्यंत येत होता. माणसांना गुरांसारखं बसवून ठेवता, पाणीसुद्धा विचारत नाही, माझ्या भावाची पोर माझ्या हवाली करा नाहीतर वरपर्यंत जाईन. बाई तिथे गेल्या त्या तशाच, अंगात झगा, पायांत काही नाही, बोटं सुजलेली. ओरडून ओरडून घसा बसला होता.

नणंदेने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “ही कैदीण इथे कशाला आणलीत? मला मोठ्या बाईंशी बोलायचंय.”

कारकून तिच्या कानाशी लागला. ती दचकली, पण माघार घेणाऱ्यातली नव्हती. पदर सावरून समोर उभी राहिली.

“बरं, तुम्ही तर तुम्ही. पोर कुठाय माझी? रीतसर कागद आहे माझ्याकडे. कुणाच्या हातात दिलीत तिला?”

खोलीत लांबडी होती, धाकटी होती, म्हातारा होता. सगळे उत्तराची वाट बघत होते, आणि ते देण्याचं काम आजवर बाईंनी कधी दुसऱ्यावर सोपवलं नव्हतं.

“तिच्या आईच्या,” बाई म्हणाल्या.

आवाज इतका बसला होता, की नणंदेने त्यांना पुन्हा सांगायला लावलं.