ब तुकडीचा प्रयोग

प्रयोग म्हणे! आम्ही डोंबिवलीच्या कॉलेजातली एफ.वाय.ची ब तुकडी, साल सत्त्याऐंशी, आणि आमच्यावर वर्तक मॅडमचा एम.फिल.चा प्रयोग.

अ तुकडीला टिल्लू सर निबंध सांगायचे. पोरं उतरवून घ्यायची, पाठ करायची, संपलं. मॅडम आम्हाला म्हणाल्या, "मी एकही ओळ सांगणार नाही. तुमचं तुम्ही लिहा, खोडा, परत लिहा." शिकवायची कुठली पद्धत चांगली, ते त्या वर्षअखेरच्या निकालावरून ठरवणार होत्या.

मला तेव्हा त्या देवासारख्या वाटायच्या, खरं सांगते. मी रेतीबंदरच्या कोळ्यांची मालू. आईबरोबर बाजारात मासळी घेऊन बसायचे, ते सगळं लिहिलेलं. मॅडमनी वर्गात वाचून दाखवलं तेव्हा मी दिवसभर हवेत होते. पण घरी आबांनी बजावून ठेवलेलं, "पास झालीस तं शीक. नापास झालीस तं मानपाड्याला कंपनीत जायाचं."

परीक्षा जवळ आली तशी माझी फाटली. अ तुकडीतल्या लक्ष्मीकडून सरांचे निबंध मागून आणले. मॅडमनी नेमके बघितले. "मालू, तूसुद्धा? अगं, तू पाठ केलंस तर माझी तुलनाच बिघडेल!" मी मुकाट परत दिले.

आणि वर हौस बघा. निकालात पक्षपात नको म्हणून दोन्ही तुकड्यांचे पेपर टिल्लू सरांनीच तपासावेत, हा हट्ट मॅडमचाच! सर शोधणार काय? प्रस्तावना, दोन सुविचार, समारोप. स्वतः सांगितलेलं तेच. अ तुकडी धडाधड पास झाली. आमची अर्धी उडाली, त्यात मी.

"मार्कांकडे बघू नकोस, तुझी अभिव्यक्ती किती सुधारली बघ," मॅडम म्हणाल्या. आबांना काय अभिव्यक्ती दाखवू, कपाळ? सोमवारपासून मी कंपनीत.

पुढे मॅडमना एम.फिल. मिळाली, नोकरी कायम झाली. कॉलेजात सत्कार होता, मला खास बोलावणं. मीपण येड्यासारखी नवी साडी नेसून गेलेले. स्टेजवरून त्यांनी माझा तोच नापास निबंध वाचला. "मार्कांत न मावणारी प्रगती!" म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाची नुसती आग झाली.

खाली उतरून त्यांनी कौतुकानं माझा हात धरला. "काय गं, सध्या काय लिहितेस?"

"लिहीत नाही, मॅडम. पावडरच्या डब्यांवर लेबलं लावते. ती छापूनच येतात."