जाळी लावल्याशिवाय

“माझ्या जागी जो येईल ना, त्याला सांग. मशीनला जाळी लावल्याशिवाय आत हात घालू नकोस म्हणावं.”

दवाखान्यातल्या खाटेवरून नवरा हे म्हणाला, तेव्हा त्याचा उजवा हात कोपरापासून नव्हता. ‘सांगते,’ ती म्हणाली होती. त्या खाटेवरून तो उठला नाही.

आज कोर्टातल्या फीच्या खिडकीत तिने नोटा सरकवल्या, तशा आतल्या बाईंनी त्या परत केल्या.

“आता कशाला भरता? अपील काल फेटाळलं. मुदतीत फी आली नाही.”

“फी माफीचा अर्ज नामंजूर झाल्याचं मला आज सकाळी कळलं हो.”

“पैशाला नाही म्हणायची वेळ आमच्यावर येत नाही, ताई. पण भरून घेऊ कशात? अपीलच उरलं नाही.”

“निदान कागद तरी वाचले का कुणी?”

बाईंनी शिक्क्याची डबी उगाच बंद केली. “फी नसली की वाचत नाहीत.”

जाळी कामगारानेच काढली, असं खालच्या कोर्टाने म्हटलं होतं. काम उरकावं म्हणून ती मालकाने काढायला लावली, एवढंच तिला वरच्या कोर्टाच्या तोंडून ऐकायचं होतं.

वकील जिन्यापाशी भेटले. चष्मा पुसत म्हणाले, “चूक माझ्या ऑफिसची आहे. निरोप द्यायचा राहिला.”

“राहिला?” तिच्याबरोबर आलेली नणंद उसळली. “दूधवाल्याला द्यायचा होता का निरोप? माझा दादा गेलाय, वकीलसाहेब!”

तिने नणंदेच्या दंडावर हात ठेवला.

“खटला संपला ना आता?”

“संपला.”

“खटला चालू आहे तोवर कारखान्यातल्या कुणाशी अवाक्षर काढायचं नाही, असं तुम्ही बजावलं होतं.”

ते बंधन तिने व्रतासारखं पाळलं होतं. मशीन अजून तशीच उघडी चालते, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. नवऱ्याच्या जागी लागलेला माणूस लेकीला कडेवर घेऊन समोरून यायचा, तेव्हा ती रस्ता ओलांडायची. जज बोलतील आणि सगळ्यांना एकदमच ऐकू जाईल, या भरवशावर.

वकिलांचा चष्मा हातातच राहिला.

“आता बोला कुणाशीही. पण त्याचा उपयोग काय?”

तिने नोटा पर्समध्ये घातल्या, चेन ओढली.

“वहिनी, घरी चल,” नणंद म्हणाली. “सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या.”

“तू हो पुढे. पाळी बदलायच्या आत मला कारखान्याच्या फाटकावर पोचायचंय.”

“तिथं कोण विचारतंय आपल्याला?”

“विचारायला नाही जात.”

फायलींची पिशवी तिने नणंदेच्या हातात दिली आणि कठडा धरून जिना उतरू लागली.