घोड्याची पाणथरी आणि माझा भाऊ

माझा धाकटा भाऊ नालबंद आहे आणि मी घोड्यांची डॉक्टर. एकाच तबेल्यावर दोघांचं पोट चालतं. तो घोड्याच्या पायाशी असतो, मी पोटाशी, त्यामुळे आमची भांडणंही घोडा मध्ये ठेवूनच होतात.

काही वर्षांपूर्वी एका घोडीनं त्याला डाव्या बरगडीखाली लाथ झाडली. पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुटली, पोटात रक्त साचलं. सर्जननी ती काढून टाकली म्हणून तो वाचला. तेव्हापासून मी हात धुऊन त्याच्या मागे लागले आहे: लस घेतलीस का, अंग तापलंय का, मग ऊठ, दवाखान्यात चल. पाणथरी म्हणजे रक्ताची चाळणी. जंतू अडवते, थकलेल्या तांबड्या पेशी वेचून बाजूला काढते. ती नसलेल्या माणसाला साधा तापही महागात पडू शकतो. हा मात्र हसायचा. "जी वस्तू माझ्याकडे नाहीच, तिची एवढी काळजी?"

गेल्या महिन्यात त्याचं पोट दुखलं म्हणून स्कॅन केला, तर आत चार-पाच गाठी. सर्जन म्हणाले, "कॅन्सर नाही असं आत्ता सांगता येणार नाही. आधी एक खास तपासणी करू."

घोड्यांबरोबर कधी कुत्रीही येतात माझ्याकडे; त्यांच्या पोटात अशा गाठी दिसल्या की मी मालकाला आधी खुर्ची देते, मग बोलते. त्या दिवशी मला कुणी खुर्ची दिली नाही. मनातल्या मनात मी भावाला पार पोचवून आले. भावजय माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला भीती लपवता येईना.

तपासणीच्या आदल्या सकाळी तो म्हणाला, "ताई, पाणथरी दिसते तरी कशी? एकदा दाखव की."

मी एका तगड्या घोड्याच्या डाव्या कुशीवर सोनोग्राफीचा प्रोब टेकवला. पडद्यावर जाड करडा पट्टा दिसला. मग स्वारानं घोडा भरधाव पळवून आणला. तो धापा टाकत असतानाच मी पुन्हा बघितलं. पट्टा निम्म्यावर आला होता.

"अरेच्चा! गेली कुठे?"

"आवळली. तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो तिच्यात. पळायची वेळ आली की सगळा रक्तात ओतते. माणसाच्या पाणथरीत एवढा साठा नसतो."

"आणि या बेट्याला पत्ताही नाही!" तो घोड्याच्या कुशीवर हात ठेवून कितीतरी वेळ उभा राहिला. मी हे शेकडो वेळा पाहिलंय, तरी दर वेळी माझी मती गुंग होते.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं थोडं रक्त काढलं. पेशींना किरणोत्सर्गी खूण लावली, उष्णता देऊन त्या मुद्दाम भाजल्या आणि परत शिरेत सोडल्या. "कॅन्सरची गाठ या पेशींकडे ढुंकूनही बघत नाही," त्या म्हणाल्या. "भाजलेली पेशी वेचायचं काम मुख्यतः पाणथरीचं."

"पण ती तर काढलीय," भाऊ म्हणाला.

"बघू या."

मग त्याला कॅमेऱ्याखाली झोपवलं. पडद्यावर यकृत अंधूक उजळलं. ते होणारच होतं, थोड्या पेशी तेही वेचतं. मग डावीकडे एक ठिपका पेटला. खाली दुसरा. मग एकेक करत सगळ्या गाठी लखलखल्या, आणि मी ताडकन उठले.

"फुटली तेव्हा तिचे कण पोटात सांडले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पडले तिथे रुजले, रक्तवाहिन्या मिळवल्या, वाढले. कॅन्सर नाही हा. लसी मात्र चालूच ठेवा, एवढ्याशा कणांवर विसंबून चालत नाही."

"वन्सं, वाईट आहे का?" माझे डोळे वाहताना पाहून भावजयीनं घाबरून विचारलं. "नाही गं," म्हणत मी तिला मिठीच मारली. इतका आनंद आणि इतकं आश्चर्य मला एकाच वेळी कधी झालं नव्हतं.

भाऊ उठून बसला. पोटावर हात ठेवून, झोपलेलं मूल जागं होणार नाही अशा बेतानं, हळूच म्हणाला, "ताई, आपण हिला काढून टाकलं, आणि ही मला सोडून गेलीच नाही."