बेडकाची शिकवणी

मास्तरांनी बायकोला थाप मारली होती, आणि ती चांगली वीस दिवस टिकली होती. "तलावावर त्या जुन्या गाडीवर शिकवायला जातो," असं ते ऐटीत सांगत. खरं तर शिकायला जात होते. तीस वर्षं मोटार ड्रायव्हिंगचा क्लास चालवलेला माणूस, अर्ध्या गावाला गाडीवर बसवलेला. साठीनंतर आपणच शिकवणी लावलीय, हे घरात कोणत्या तोंडानं सांगणार?

गाडी म्हणजे एक प्रकरणच होतं. सहा चाकं, वर टबासारखं अंग. जमिनीवर पळायची, तशीच पाण्यात उतरायची आणि चाकांनीच पाणी ढकलत जायची. वयानं मास्तरांच्या बरोबरीची. सगळे तिला बेडूक म्हणत. स्टिअरिंग नाहीच, नुसत्या दोन दांड्या. उजवी ओढली की उजवी चाकं थांबणार आणि गाडी उजवीकडे वळणार. दोन्ही ओढल्या की उभी. पलीकडच्या वस्तीत औषधं पोचवायला ड्रायव्हर हवा होता, आणि मास्तर "त्यात काय एवढं!" म्हणून बसले होते.

शिकवायला होती तलावावरची मेकॅनिक बाई. ही एकेकाळी मास्तरांच्याच क्लासात होती. चढावर गाडी बंद पाडली म्हणून मास्तरांनी तिला भर रस्त्यात झापलं होतं, "डोकं घरी ठेवून आलीस का?" तिनं तो विषय एकदाही काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं मास्तरांना रोज वाटे.

त्या दिवशी बायको डबा घेऊन काठावर हजर! मास्तर डावी दांडी घट्ट धरून बसले होते आणि बेडूक जागच्या जागी गरगरत होता.

"अहो, हे काय चाललंय?"

मेकॅनिक बाईनं मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं. "सर दाखवतायत, चुकलं की काय होतं ते."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हाच खरं सांगून टाकायचं की नाही? पण जीभ रेटेना. बायको म्हणाली, "मग मलाही फिरवून आणा," तर हे गृहस्थ म्हणतात, "बस!"

तिघं पाण्यात उतरली. समोर दगडी धक्का आला तशा मास्तरांनी दोन्ही दांड्या ओढल्या. चाकं थांबली, टब कुठला थांबतोय! पाण्यावर तो आपला सरकतच राहिला. इतके दिवस मेकॅनिक बाईला अगं-तुगं करणारे मास्तर ओरडले, "अहो बाई, सांगा ना, काय करू?"

"काही बिघडत नाही, सर. दोन्ही धरून ठेवा. गिअर उलटा टाका. आता सोडा, हळू. घाई नाही, मी आहे."

बेडूक धक्क्याच्या हातभर अलीकडे थांबला आणि मागे निघाला.

मास्तरांचे कान तापले होते. मागे न बघताच ते म्हणाले, "मी शिकवत नाही. ही मला शिकवतेय. वीस दिवस झाले, अजून जमत नाही."

"ते दिसलंच," बायको म्हणाली.

तेवढ्यानं मास्तरांना सगळं आठवलं. लग्नाच्या वर्षी त्यांनी हिला गाडीवर बसवलं होतं. दहा मिनिटांत इतके ओरडले की ती किल्ली सीटवर ठेवून चालत घरी गेली, ती पुन्हा कधी बसलीच नाही. आणि ही गोष्ट ते प्रत्येक नव्या बॅचला हसवायला सांगत. हीसुद्धा ती कितीदा ऐकून घेत चहा देत असे. लाज वाटली हो त्यांना.

बायको पुढे वाकली. "बाई, मला शिकवाल?"

"शिकवेन की. आजच सुरू करू."

"वा!" मास्तर घाईघाईनं म्हणाले. "मी बसतो मागे, काही अडलं तर..."

"नको," बायको म्हणाली. रागानं नाही, साधंच म्हणाली. "बाई, आधी ह्यांना काठावर उतरवू या."