सुंभाचं दुसरं टोक

"भाऊ, ह्यां काय इला ता जरा वाचून दाखवा. मालकाचो माणूस देऊन गेलो," असं म्हणत जानकी आत आली आणि तिने एक खाकी लिफाफा माझ्या हातात ठेवला. ती परसातून तशीच उठून आली होती. हात मातीने भरलेले होते आणि लिफाफ्यावर तिच्या अंगठ्याचा ओला ठसा उमटला होता.

आमच्या वाकोल्याच्या बैठ्या चाळीत कुणाचाही कागद आला की वाचायला माझ्याकडे यायचा. मी सरकारी कचेरीत हेडक्लार्क. रेशनकार्डाचे अर्ज, नळाच्या तक्रारी, मुलांच्या दाखल्यांसाठी विनंत्या, सगळं मी लिहून द्यायचो. माझं अक्षर घोटीव आणि भाषा कायदेशीर. त्याचा मला केवढा तोरा होता ते आता लपवण्यात अर्थ नाही.

मी लिफाफा फोडला. वर टाइप केलेली नोटीस होती. खोली नंबर सात आणि आठ यांच्या मागची मोकळी जागा मालकाची असून भाडेकरूंनी ती विनापरवाना अडवली आहे, तरी पंधरा दिवसांत कुंपण आणि झाडं काढून जागा मोकळी करावी. खाली टाचणीने एक झेरॉक्स जोडली होती. ती मला वाचावी लागली नाही. अक्षर माझं होतं, खाली सहीसुद्धा माझीच होती.

"काय म्हणतत?" जानकीने विचारलं.

"परस मोकळं करा म्हणतात. तुमचंही आणि आमचंही."

ती उंबऱ्याला टेकून खालीच बसली. "आणि माझो अळू?" ती म्हणाली.

हे तिने ज्या आवाजात विचारलं तो मला अजून ऐकू येतो. तिच्या नवऱ्याची, धाकूची, गिरणी बंद पडून तीन वर्षं झाली होती. तो मरोळच्या एका कारखान्यावर रात्रपाळीचा वॉचमन झाला होता. त्यावर घर अर्धंच चालायचं. उरलेलं अर्धं त्या खोलीमागच्या बारा हात जमिनीवर. जानकी तिला परडा म्हणायची, गावाकडे म्हणतात तसा. अळू, तोंडली, वाल आणि कडेला अबोलीची रांग. सकाळी अळूच्या जुड्या आणि अबोलीच्या वेण्या घेऊन ती नाक्यावर बसायची आणि दुपारी येऊन पुन्हा मातीत हात घालायची. तिला मूलबाळ नव्हतं. गावची जमीन चुलत्यांनी गिळली होती. या बाईला साऱ्या जगात बारा हात जमीन मिळाली होती, तीही नाल्याकाठची.

"ह्या दुसऱ्या कागदार काय आसा?" तिने झेरॉक्सवर बोट ठेवलं.

"ते... त्यांच्या ऑफिसचं आहे काहीतरी."

"कोणी सांगल्यान असात ओ मालकाक? इतकी वर्षां तो फिरकलो नाय."

"त्याला मागे गाळे बांधायचे असतील," मी म्हणालो. हे खरंही होतं. खऱ्याच्या आडोशाने खोटं बोलणं फार सोपं जातं.

"हा कागद माझ्याकडे राहू दे. उत्तर लिहायला लागेल," मी पुढे म्हणालो.

"नको, ह्येंका दाखवतंय आधी. ड्युटीवरना येवन निजलेत," ती म्हणाली आणि तिने हात पुढे केला. माझं बोट टाचणीवर होतं. एक हिसका दिला असता तर झेरॉक्स सुटली असती. पण सत्तावीस वर्षं नोकरी केलेला माणूस मी. जोडलेला कागद फाईलपासून वेगळा करायचा नसतो हे अंगात मुरलेलं. मी नको तिथे नियमाने वागलो आणि ती दोन्ही कागद घेऊन गेली.

आता ते पत्र मी का लिहिलं ते सांगायला हवं. सांगताना माझी मलाच लाज वाटते, इतकं ते क्षुल्लक आहे.

आमची खोली सात नंबरची, त्यांची आठ. दोन्ही परसांच्या मधे कुंपण होतं. धाकू दर वर्षी भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी ते नव्याने घालायचा. बांबूच्या कामट्या आणि काठ्या सुंभाने बांधायच्या. हे काम एकट्याने होत नाही. एकाने आपल्या बाजूने सुंभाचं टोक आत घालायचं, दुसऱ्याने पलीकडून ते धरायचं, कामटीवरून ओढून घट्ट करायचं आणि परत द्यायचं. "धरा, भाऊ," तो म्हणायचा. मी धरायचो. "देवा." मी द्यायचो. नऊ वर्षं आम्ही असं एकमेकांचं तोंड कामट्यांच्या फटीतून बघत कुंपण बांधलं. तोडणारं कुंपण आम्ही जोडीने बांधतो, असं म्हणून माझी बायको मृणालिनी हसायची.

आदल्या दिवशीची भाऊबीजही आमच्याच घरी व्हायची. जानकीला भाऊ नव्हता. शेजारी आल्याच्या पहिल्या वर्षी ती तबक घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बसा पाटार." ओवाळणीत तिने कधी पैसे घेतले नाहीत. "माजी ओवाळणी म्हणजे एक पत्र," असं म्हणायची. मग मी इनलँड काढायचो आणि ती सांगेल ते गावी तिच्या आईला लिहायचो.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत मला भाऊबीजेच्या रात्रीच ऑफिसच्या कामासाठी नागपूरला जावं लागलं. परसात शेळ्या शिरत होत्या, म्हणून धाकूने वाट न बघता एकट्याने कुंपण घातलं. प्रत्येक गाठीला नाल्याच्या टोकाने वळसा घालून आमच्या बाजूला यायचं, सुंभ ओढायचा, परत वळसा घालून जायचं. दिवसभर तो खेपा घालत होता, मृणालिनीनेच मला सांगितलं. पण मी परत आलो तेव्हा मला त्या खेपा दिसल्या नाहीत. मला दिसलं की कुंपण आमच्या बाजूला वीतभर सरकलंय आणि मृणालिनीचं अनंताचं झाड पलीकडे गेलंय.

"खांब म्हणान शेवग्याचे खुंट पुरलेले, ते जगले," धाकू म्हणाला. "जित्या झाडार कोयतो कसो मारू, भाऊ? म्हणान त्यांच्या भायरना घेतलंय."

"विचारायचं तरी."

"इचारूचा काय त्यात? फुलां तुम्हीच काढा."

"परवानगी म्हणून काही असते की नाही, धाकू?"

तो हसला. त्याच्या मनात काही नव्हतं. "जमीन ना तुमची, ना माझी. दोघय भाडोत्री आपण."

तेवढंच. मृणालिनी म्हणाली, वीतभर जागेचं काय घेऊन बसलात, सोडून द्या. पण तो हसला हे मला लागलं होतं. आमच्या खात्यात परवानगीशिवाय खुर्ची सरकत नाही आणि हा माणूस कुंपण सरकवून हसतो. जमीन आपली नाही ना, मग ज्याची आहे त्यालाच विचारू. मी फूलस्केप घेतला आणि दोन पानं लिहून काढली. 'सदर मोकळी जागा सर्वस्वी आपल्या मालकीची असून तिचा भाडेकरूंच्या खोल्यांशी संबंध नाही. तरी आपल्या लेखी परवानगीशिवाय तेथे कुंपण घालण्यास मनाई करावी.' लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं. मसुदा छान उतरला होता. टपालात टाकला आणि राग उतरल्यावर विसरूनही गेलो. पुन्हा अळूच्या वाट्या कुंपणावरून यायला लागल्या आणि मी त्या खाऊ लागलो.

नोटीस आली त्या संध्याकाळी मी मृणालिनीला सगळं सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तिला जाऊन सांगा."

"नाही जमणार."

"मग तिच्या तोंडाकडे कसं बघायचं तेवढं मला शिकवून ठेवा," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि मालकाच्या कचेरीत गेलो. मालक भेटला नाही, दिवाणजी भेटले. मी म्हणालो, "माझं पत्र मला मागे घ्यायचंय."

दिवाणजींनी चहा मागवला. माणूस गोड होता. "भाऊ, पत्र मागे घेता येतं, लिहिलेलं कसं घेणार?" ते म्हणाले. "तुमच्या वडिलांपासून तीस वर्षं ती जागा तुम्हा लोकांच्या वापरात होती. कुणी परवानगी मागितली नाही, कुणी हटकलं नाही. कोर्टात गेलो असतो तर जज्जाने तुमच्याच बाजूने दिलं असतं. आम्ही म्हणूनच गप्प होतो. आता भाडेकरूनेच लेखी दिलं की जागा मालकाची. किती मुद्देसूद लिहिलंय. आमच्या वकिलाला दाखवलं, तो म्हणाला, याच्यात एक शब्द बदलायला नको."

मी तो चहा प्यायलो. न पिता उठावं एवढंही मला सुचलं नाही.

पंधरावा दिवस रविवार होता. उद्या मालकाची माणसं येणार, तेव्हा त्यांचे कोयते लागण्याआधी आपणच सोडवू, असं धाकूने ठरवलं असावं. सकाळी मागून त्याचा आवाज आला.

"भाऊ, येतास?"

मी परसात गेलो. तो पलीकडे उभा होता. त्या कागदाबद्दल पंधरा दिवसांत तो माझ्याशी एक अक्षर बोलला नव्हता. त्याने पहिली गाठ सोडवली आणि सुंभाचं टोक फटीतून माझ्याकडे सरकवलं. "धरा."

मी धरलं. ओढून परत दिलं. गाठीमागून गाठ सुटत गेली. एकेक कामटी पडली की त्याचा चेहरा थोडा जास्त दिसायचा. मी खाली बघून काम करत होतो. जानकी त्या वेळी अळूचे कांदे उपसून पोत्यात भरत होती. पानं तिने कापली नव्हती, तशीच दुमडून घातली होती. मधेच तिने अनंताची फुलं खुडून मृणालिनीला नेऊन दिली.

जानकी आत गेल्यावर धाकू हळूच म्हणाला, "मी दुसरीपर्यंत शिकलंय, भाऊ. वाचूक येळ लागता. पण तुमचा अक्षर वळाखतंय. नऊ वर्षां पत्रार बघतंय."

माझ्या हातात सुंभ तसाच राहिला. "धाकू, मी..."

"जानकीक सांगूक नाय मी," तो म्हणाला. "सांगचय नाय. तिका भाऊ दुसरो नाय."

मग त्याने टोक परत मागितलं. मी दिलं. सगळा सुंभ त्याने गुंडाळला, कामट्या खोलीच्या भिंतीशी नीट रचल्या. त्याने मला शिवी दिली असती, चाळीसमोर माझी गचांडी धरली असती, तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. त्याने मला काहीच केलं नाही. माफसुद्धा केलं नाही.

सोमवारी शेवगे तोडले, अनंतही तोडला. पावसाळ्याआधी मालकाने दोन्ही खोल्यांच्या मागच्या दारापासून हातभर अंतरावर विटांची भिंत घातली. जानकीने अळूचे कांदे दोन डब्यांत लावले, ते उन्हावाचून कुजले. नाक्यावर बसायला तिच्याकडे काही उरलं नाही. ती वांद्र्याला दोन घरी भांडी घासायला जाऊ लागली. तरी श्रावणात अळूची वाटी आलीच. भाजी तीच होती, फक्त अळू बाजारातून विकत आणलेला.

पंच्याऐंशीची भाऊबीज आली. ती येऊ नये, असं मला वाटत होतं. ती आली. नेहमीचं तबक, निरांजन, सुपारी. मागे धाकू उभा होता.

"बसा पाटार," जानकी म्हणाली.

मी बसलो. मला मान वर करता येईना.

"मान वर करा ओ, टिळो खंय लावू?" ती हसली. "आज काय झाला भाऊंका?"

"ओवाळ गो. भाऊ खोळंबलेत," धाकू म्हणाला.

तिने ओवाळलं. मग पदराने हात पुसून समोर बसली. "आता माजी ओवाळणी."

मी इनलँड काढला, पेन काढलं. ती सांगू लागली. "आवशीक लिवा, आमी बरी आसव. परडा गेला म्हणान लिवा, ती इचारतली. पण जिवाक लावन घेव नको म्हणा. शेजार बरो आसा, भाऊ आसत, त्येंच्या आधारान दिवस जातत."

माझं पेन थांबलं. वर पंखा चालू होता. कागदाची कड एकसारखी उडत होती आणि माझा हात तिला दाबून ठेवू शकत नव्हता.

धाकू पुढे आला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने कागदाचं दुसरं टोक धरलं.

"लिवा, भाऊ," तो म्हणाला.