मिचकीची पापणी

शाळेची भिंत पडली तेव्हा मूर्तिकाराची एकुलती एक पोर तिच्याखाली सापडली. भिंतीला तडा होता, पण वरून गिलावा असा गुळगुळीत मारला होता की तपासायला आलेल्या साहेबांनी तिच्यावरून हात फिरवला आणि पास केली. आता त्याच साहेबांच्या कार्यालयाला, भिंतीखाली गेलेल्या मुलांची आठवण म्हणून, शाळेच्या दारात एका मुलीचा पुतळा बसवायचा होता. मूर्तिकारानं ते काम मागून घेतलं. चेहरा कुणाचा करणार, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. बायकोला सांगावं लागलं नाही.

पोरीची डावी पापणी जन्मापासून अर्धी मिटलेली. शेजारीपाजारी तिला मिचकीच म्हणत. "येतानाच देवाला डोळा मारून आलीये," असं बाप म्हणाला की ती त्याच्या पाठीत बुक्की घालायची. घरात तिचा एक फोटो धड नव्हता. कॅमेरा दिसला की केस ओढून डावा डोळा झाकायची.

मातीत ती पापणी काही केल्या उतरेना. मग एका सकाळी उतरली. माती सुकून तडकू नये म्हणून बायको रोज चेहऱ्यावर ओलं फडकं टाकायची. त्या सकाळी ती फडकं घेऊन दारातच थांबली.

"आली," एवढंच म्हणाली.

"आता प्लास्टरचा साचा काढून घेतो. मग चेहरा कुठं जात नाही."

"म्हणजे तिच्या तोंडावर प्लास्टर ओतणार?"

"त्याशिवाय साचा कसा निघेल?"

"नाकातोंडात चुना गेलेली पाहिलीये मी तिला. पुन्हा नको, अहो."

आधी साचा, मग दाखवणं, हा त्याच्या धंद्यातला नियम. तो त्यानं पहिल्यांदाच मोडला.

पुतळा पाहायला तेच साहेब आले. माणूस वाईट नव्हता. भिंत पडल्यापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

"काम झकास झालंय, मास्तर. हा डोळा तेवढा सारखा करा."

"तो तसाच आहे, साहेब."

"लोक म्हणतील, यांना पुतळासुद्धा धड जमत नाही. आधीच आम्हाला तोंड दाखवायला जागा नाही." साहेबांनी हात जोडले. "ऐका माझं. नाहीतर वरचे लोक कुठून तरी पंखवाली परी आणून बसवतील."

परीपेक्षा हे बरं, मूर्तिकाराच्या मनात आलं. नाक तिचं राहील, हनुवटी तिची राहील. त्यानं अंगठा पाण्यात बुडवला आणि पापणी वर सारली. क्षणाचं काम.

"आता कशी छान दिसते," साहेब म्हणाले आणि मातीच्या गालावरून त्यांनी हात फिरवला.

ते गेल्यावर त्यानं पापणी पुन्हा खाली घेतली. पोर झोपाळू दिसायला लागली. जरा उचलली, तर कपटी. अंधारून येईपर्यंत अंगठा तिथंच घोटाळत होता.

बायको फडकं घेऊन आली. बराच वेळ बघत राहिली.

"ही कोण?"

"उतरेल पुन्हा. वेळ लागेल जरा."

तिनं बाहेर जाऊन फडकं पिळलं, दोरीवर वाळत टाकलं आणि परत आली.

"साचा काढा आता," ती म्हणाली. "हिच्या तोंडावर खुशाल ओता."

मूर्तिकारानं घमेलं पुढं ओढलं आणि प्लास्टर कालवायला घेतलं.