सिगारला शोभेल अशी रम

माझे सासरे बंदरावर क्रेन चालवायचे. निवृत्त झाले त्या दिवशी एका जहाजाच्या कप्तानाने त्यांना दोन जाडजूड सिगार दिल्या. त्यातली एक माझ्या हातात ठेवून ते म्हणाले, "जावईबापू, रविवारी दुपारी येतो. हिच्यासोबत प्यायला काहीतरी करा. तुम्हाला त्यातलं कळतं म्हणे." लग्नाला तीन वर्षं झाली, पण बाबा माझ्याशी एका दमात इतकं कधी बोलले नव्हते. मी हुरळून गेलो.

मी दातांच्या कवळ्या बनवतो. दुसऱ्याच्या तोंडात काय नीट बसेल याचा विचार करण्यातच माझा दिवस जातो, आणि हीच खोड घरी रमच्या बाटल्यांशी खेळताना नडली. संत्र्याची साल, जाळलेल्या साखरेचा पाक, दालचिनी हे काय, कोणीही घालतं. घोट आणि धूर एकाच चवीचे लागले पाहिजेत, असं माझ्या डोक्यात बसलं. म्हणून मी माझी सिगार उलगडली, अर्धी पानं पेलाभर रममध्ये टाकली आणि बरणी चार दिवस कपाटात ठेवली. चहाची पत्ती नाही का आपण उकळत? तसंच हे, अशी मी स्वतःची समजूत घातली. चार दिवसांनी थेंबभर चाखली, तर जिभेला मुंग्या आल्या. मला वाटलं, वा, जमलं!

रविवारी गॅलरीत बाबांनी सिगार पेटवली आणि मी त्यांच्या हातात ग्लास दिला. बायको दारूला शिवत नाही, आणि मला त्यांना गाडीने घरी सोडायचं होतं. त्यामुळे पिणारे ते एकटेच.

"कडक आहे," ते म्हणाले, "पण मस्त."

ग्लास संपला. मला तर आभाळ ठेंगणं झालं. मग दहा-पंधरा मिनिटांनी त्यांचं बोलणं मध्येच थांबलं. कपाळ ओलं झालं होतं. सारखी थुंकी गिळत होते.

"जरा गरगरतंय."

"कितीदा सांगितलं बाबा, हे धुराडं सोडा म्हणून," बायको म्हणाली. "अरे, लिंबूपाणी आण ना."

मी रिकामा ग्लास उचलून स्वयंपाकघरात गेलो. मनात कुठेतरी शंका आली म्हणून फोनवर शोधलं, तंबाखू भिजवलेली रम चालते का. पहिली ओळच पुरली. विष. दारूत तंबाखूतलं विष उतरतं, आणि थेट पोटात जातं. माझ्या पाचावर धारण बसली.

आणि मी काय केलं? ओरडत बाहेर धावलो नाही. बरणी बेसिनमध्ये ओतली. पानं कचऱ्यात दडपली, वर बटाट्याची सालं टाकली, ग्लास साबणाने दोनदा धुतला. आज कुठे त्यांनी मला जवळ केलं आणि त्यांनाच मी विष पाजलं, हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगणार? मी लिंबूपाणी घेऊन बाहेर आलो.

बाबांनी ते प्यायलं आणि लगेच ओकून टाकलं. हात थरथरत होते, चेहरा साच्याच्या प्लास्टरसारखा पांढरा पडला होता. त्यांना धरून बसायला कोणीतरी हवं होतं, म्हणून दवाखान्यात न्यायला गाडीची किल्ली बायकोने घेतली. मागच्या सीटवर बाबांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. अंग गार आणि घामाने निथळलेलं. मी त्यांचे श्वास मोजत होतो.

"ती सिगारच बाधली, दुसरं काय!" बायको म्हणाली.

"हो, फार कडक होती," मी म्हणालो. मला माझ्याच आवाजाची भीती वाटली. पुढच्या सिग्नलला सांगू, असं ठरवत मी तीन सिग्नल घालवले.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी त्यांचे डोळे तपासले, मनगट धरलं. "नाडी मंद होत चाललीय. काय काय घेतलंय यांनी?"

"थोडी रम आणि एक सिगार," बायकोने सांगितलं.

"तेवढ्याने असं होत नाही. अजून काही?"

बाबांनी डोळे किलकिले केले. "नाही हो. जावयानं घरी केलं होतं. चांगलं होतं."

त्यांचा जीव जात होता आणि ते माझी बाजू घेत होते.

"रममध्ये तंबाखू होता," मी म्हणालो. "सिगारची पानं. चार दिवस भिजवलेली."

डॉक्टरबाईंनी इंजेक्शनासाठी नर्सला हाक मारली आणि खाट आत गेली. तो तासभर मी जसा घाबरलो, तसा जन्मात घाबरलो नव्हतो.

त्या बाहेर आल्या. "नाडी सुधारतेय. उद्यापर्यंत लक्ष ठेवू. बरं झालं, वेळेवर सांगितलंत."

बायको तेव्हा माझ्याकडे वळली. "तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. 'डॉक्टरांनी विचारलं तेव्हा' म्हटलं असतं, तर तिला कधीच कळलं नसतं.

"लिंबूपाणी आणायला गेलो तेव्हा."

"म्हणजे गाडीत तुला माहीत होतं."

मी होकारार्थी मान हलवली. ती उठली आणि आत गेली. मी दारापर्यंत गेलो. आतून बाबांचा बारीक आवाज आला, "जावईबापू कुठे आहेत? घाबरले असतील गं ते."

ती आता काय सांगेल या भीतीने मला दार ढकलवेना.